कोरडे तांदूळ

किन्हीराजा गावच्या पारासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. एक बुवा मंतरलेले तांदूळ वाटत होते. चावा, थुंका, ज्याचे कोरडे निघतील तो चोर. आदल्या रात्री पंजाबरावांच्या घराला भगदाड पडून बायकोचे सोन्याचे गोठ गेले होते. बुवांनी डोळे वटारले ते पंजाबरावांच्या सालगड्यावर, जानराववर. त्याच्या तोंडातून तांदूळ तळहातावर जसेच्या तसे पडले. लोकांनी हात जोडले.

मी वाशीमच्या कोर्टात वकिली करतो, पण गाव हेच. माणूस चंद्रावर जाऊन आला तरी आमचे शिकलेसवरलेले तांदूळच चघळतात. डोकं फिरलं माझं.

"कबूल कर बाबू," बुवा लाडानं म्हणाले. "देव माफ करते. साधी चोरी हाय, महिन्याभरात घरी येशीन."

जानरावची बायको पंचफुला माझ्या पायांशी बसली. "वकीलसायेब, हा आता हो म्हनते. सकाळपासून सारे त्यालेच चोर म्हनून राह्यले. वाचवा जी."

मी जानरावचा दंड धरला. "हो म्हणू नको. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रात्री चोरीसाठी घर फोडलं तर चौदापर्यंत. इथं भिंत फुटलीय. पोरांची लग्नं तुझ्यावाचून होतील."

मी सगळ्यांना भिंतीकडे नेलं. बाहेरून खणणारा माती स्वतःकडे ओढतो. बाहेर चिमूटभर माती नव्हती. ढिगारा आत, पंजाबरावांच्या धाकट्या भावाच्या, दौलतरावच्या खोलीत.

"ही घरफोडी नाही. घरातल्यानंच केलेली चोरी आहे. तिलाही सात वर्षांपर्यंत आहे, आणि सामील असणाराही सुटत नाही. बुवा, आता तुम्ही चावा."

बुवांनी चावले, थुंकले. कोरडे ठणठणीत.

"म्हणजे चोर तुम्ही?"

"नाई जी, भेवानं तोंड सुकलं." मग त्यांनी दौलतरावकडे बोट केलं. "जानरावचं नाव यायनंच सांगतलं होतं."

दौलतरावचे तांदूळ मघाशी ओले निघाले होते. निकाल आधीच ठाऊक असल्यावर भीती कशाची?

बाबांनो, लाळ भीतीनं आटते, पापानं नाही. कुणाला चोर म्हणण्याआधी माती कुठं पडली ते तरी बघा.

गर्दी पांगली. जानराव अजून हातातल्या तांदळांकडे पाहत होता.

"वकीलसायेब," तो हळूच म्हणाला, "मंग म्या चोरी केली नाई न?"