सरांची तोंडी परीक्षा

थोरलीला बाबांच्या मागे, भिंतीला लागून खुर्ची दिली होती. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, खाकरायचंसुद्धा नाही." थोरलीने मान डोलावली आणि लगेच वाटलं, हीदेखील खूणच झाली की.

टेबलावर स्मरणशक्तीच्या चाचणीचा, तीस गुणांचा छापील फॉर्म होता. चोवीस मिळाले तर बाबा आपल्या घरात, आपल्या पुस्तकांत एकटे राहणार होते. कमी पडले तर घराला कुलूप आणि बाबांची रवानगी वृद्धाश्रमात. हे धाकट्या भावाने फोनवर ठरवून टाकलं होतं. महिन्याभरात दोनदा गॅसवरचं भांडं जळून कोळसा झालं होतं. दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी दार ठोठावलं तेव्हा बाबा धुरात बसून वाचत होते. "रिपोर्ट चांगला आला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही," धाकटा म्हणाला होता. आणि इकडे थोरली बाबांना शब्द देऊन बसली होती, की मी तुम्हाला कुठेही जाऊ देणार नाही.

म्हणून तिने आठवडाभर घोकंपट्टी करून घेतली. ती याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होती, त्यामुळे फॉर्म तिच्या ओळखीचा होता. कामावर येण्याआधी रोज तासभर ती बाबांसमोर बसे. आज वार कोणता, तारीख काय, शंभरातून सात गेले किती. ही सरळसरळ कॉपी होती आणि ते तिला कळत होतं. पण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या त्याला एका कागदाने नापास करावं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

बाबांना सगळं गाव सर म्हणायचं. विषय नवप्लेटोवाद. म्हणजे असं, की सगळ्याच्या मुळाशी 'ते एक'. त्यातून बुद्धी पाझरते, बुद्धीतून आत्मा, आत्म्यातून हे जग, आणि एवढं सगळं बाहेर पडूनही 'ते एक' तसूभर कमी होत नाही. त्याच्याबद्दल काही म्हणायची सोय नाही. चांगलं म्हटलं तरी आपण त्याला काहीतरी चिकटवतो, आणि नुसतं 'आहे' म्हटलं तरी जास्तच होतं. ज्याच्याबद्दल बोलता येत नाही त्याच्यावर सर चाळीस वर्षं बोलले आणि पोरांना पुरून उरले. जगाचा उगम त्यांना तोंडपाठ होता. थोरली कितवीत आहे, हे मात्र तिच्या आईला विचारावं लागे. तो राग थोरलीने पन्नाशी आली तरी सोडला नव्हता.

वार बरोबर आला. तारीखही. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाबा झरझर उतरत गेले. थोरली मनातल्या मनात गुण मोजत होती.

"आता इथे घड्याळ काढा, सर. आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

याची तयारी करून घ्यायची राहूनच गेली होती.

बाबांनी गोल काढला. सुंदर काढला, हात हलला नाही. मधोमध ठिपका दिला. ठिपक्यापासून कडेपर्यंत बारा रेषा ओढल्या आणि पेन्सिल थांबली. आकडा एकही नव्हता.

"आकडे राहिले," डॉक्टर म्हणाल्या.

"राहिले नाहीत, वगळले." बाबांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "आकडे कडेला असतात, बाई. कडेला सगळंच वेगवेगळं दिसतं. जरा आत या. या रेषा भेटतात कुठे? ठिपक्यात. आणि ठिपका स्वतः रेषा आहे का? नाही. त्याला लांबी नाही, दिशा नाही. पण तो नसता तर यातली एकही रेघ नसती. तुम्ही मला वेळ विचारलीत. मी तुम्हाला वेळ जिथून निघते ते दाखवलं."

डॉक्टर हसल्या. "आम्हाला असं कुणी शिकवलंच नाही हो," असं म्हणून त्यांनी दोन गुण लिहिले.

थोरलीला अभिमानाने भरून आलं, आणि पाठोपाठ घरातलं घड्याळ आठवलं. पंधरा दिवस झाले, बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तिलाच विचारत होते, किती वाजले गं. त्यांना आकडे घालता आलेच नव्हते. पडलेल्या भोकावर त्यांनी आयुष्यभराच्या विषयाचं ठिगळ लावलं होतं, आणि ते बेमालूम बसलं होतं.

तिने पुन्हा मोजलं. तेवीस.

"शेवटचा प्रश्न," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या मागे बसल्यात, त्यांचं नाव काय?"

बाबा खुर्चीत वळले. थोरलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग हसून म्हणाले, "काही गोष्टींना नाव देऊ नये. नाव दिलं की त्या लहान होतात. हिच्याबद्दल मी काहीही म्हटलं तरी ते कमीच पडेल."

डॉक्टरांनी पेन गालाला लावलं. "माझे वडील कधी असं बोलले नाहीत," त्या हळूच म्हणाल्या आणि फॉर्मकडे वळल्या.

बाबांचं ते वाक्य ऐकायला थोरली जन्मभर थांबली होती. ते आता मिळालं होतं, आणि सोबत बाबांचं घरही. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तसं तिला बजावलेलंही होतं. पण वळताना बाबांचा डावा हात टेबलाखालून बाहेर आला होता. त्यात शर्टाचं टोक घट्ट आवळलेलं होतं. ते घाबरले होते. तिला तो धूर आठवला.

"डॉक्टर, गुण देऊ नका," ती म्हणाली. "त्यांना माझं नाव आठवत नाहीये. घड्याळही येत नाही त्यांना. बाकीचं मी पाठ करून घेतलंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबा रागावतील असं थोरलीला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू रोज सकाळी येतेस," बाबा म्हणाले. "गोळ्या देतेस. माझी आहेस, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. नाव तेवढं सापडत नाही. मला वाटलं, यावर निभावून जाईल."

"जवळजवळ निभावलंच होतं, बाबा." थोरलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि तिने ते पुसलं नाही. बापाला दिलेला शब्द तिने मोडला होता आणि आता त्याला इलाज नव्हता.

"म्हणजे आता मला तिकडे पाठवणार."

"हो. बहुतेक."

"तिथे येशील?"

"रोज येईन."

शर्टाचं टोक सोडून बाबांनी तळहात तिच्यापुढे धरला. "मग लिहून दे. तिथे विचारतील, कोण येतं तुमच्याकडे. काहीतरी सांगावं लागेल."

थोरलीने टेबलावरचं पेन घेतलं आणि त्यांच्या सुरकुतल्या तळव्यावर आपलं नाव लिहिलं. बाबांनी हात डोळ्यांजवळ नेला, अक्षर अक्षर लावत वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्षर अजून सुधारलं नाही तुझं," ते म्हणाले.