वर्षाच्या पहिल्या दिवशी लाव्या

"तुम्ही त्यांचे कोण?" काउंटरवरच्या नर्सने विचारलं.

"नवरा. बावीस नंबरच्या खाटेवर आहे ती. सूप आणलंय."

तिने सुपाची बरणी माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी चाळीस वर्षं गावोगावचे पाण्याचे पंप दुरुस्त केले. मोटार जळली असेल तर झाकण उघडायच्या आधी वासानेच कळतं. त्या दिवशी खुर्चीवरून कळलं. गिझेला पहाटे गेली होती. झोपेत हृदय थांबलं. त्यांनी घरी फोन केला तेव्हा मी बसमध्ये होतो.

डिसेंबरची तीन तारीख होती. पित्ताशयाचं ऑपरेशन नीट झालं होतं. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "नाताळच्या आत सोडतील. लाव्यांना दाणे घालतोस ना? मोठ्या सहा वेगळ्या काढून ठेव."

परसात तिने लाव्या पाळल्या होत्या, मुठीएवढी पाखरं. वर्षभर त्यांची अंडी खायची आणि नाताळला सहा कापायच्या. त्यांच्यावर डुकराच्या चरबीचे पातळ काप गुंडाळून ओव्हनमध्ये भाजायच्या, वरून जर्दाळूचा मुरंबा. आमच्या घरी नाताळ म्हणजे हेच जेवण. एकेचाळीस वर्षांत ओव्हनचं दार मी फक्त बिजागरी बदलायला उघडलं होतं.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी आमची मुलगी एमोके म्हणाली, "बाबा, घर विकू. तुम्ही माझ्याकडे ग्राझला चला."

"तिथे मी काय करू?"

"इथे काय करताय? तीन दिवस पाव आणि कांदा खाताय. मी बघतेय."

ती ग्राझ शहरातल्या वृद्धाश्रमात नर्स आहे. एकट्या म्हाताऱ्यांचं काय होतं हे ती रोज बघते, त्यामुळे या विषयावर तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो.

"स्वयंपाक शिकेन मी."

"अंडं तरी उकडता येतं का?"

"नाताळला ये. लाव्या करतो, आईच्या पद्धतीच्या. नाही जमल्या तर घर विक, मी एक शब्द बोलणार नाही."

"नाताळला ड्यूटी आहे. एक तारखेला येते. बघूच."

एक तारीख म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

नाताळच्या दिवशी मी आधी दोन लाव्यांवर हात बसवून घ्यायचं ठरवलं. तळघरात मुरंब्याच्या दोनच बरण्या होत्या. गेल्या वसंतात मोहरावर हिम पडलं, म्हणून जर्दाळू कमी आले होते. एक बरणी उघडून मुरंबा लाव्यांना जाड चोपडला आणि दोन्ही ओव्हनमध्ये घातल्या. अर्ध्या तासात स्वयंपाकघर धुराने भरलं. तेवढ्यात गिझेलाची थोरली बहीण तेर्का माशाचं सूप घेऊन आली. ती दोन घरं सोडून राहते.

"हे काय, कोळसे पाडतोयस?"

"लाव्या आहेत."

"होत्या." तिने सुरीने वरचं काळं कवच खरवडलं. आत मांस गुलाबी, कच्चं. "अरे वेंडेल, साखर आहे ती. आधी फासलीस तर जळणारच. पाखरू पुरतं भाजू दे, चरबीचे काप काढ, मग शेवटची दहा मिनिटं मुरंबा. पातळ करून, तीनदा. बाजारातून तयार कोंबडी का नाही आणत?"

"एमोके येणार आहे. एक तारखेला."

तेर्काने सुरी खाली ठेवली. "एक तारखेला पाखरू? डोकं फिरलंय का तुझं? पाखरू मागे उकरतं. घरातलं चांगलं असेल नसेल ते उकरून मागे टाकतं. त्या दिवशी डुक्कर खातात, डुक्कर नाकाने पुढे ढकलतं. सोबत मसूर, पैसा यावा म्हणून. हे काय मी तुला शिकवायचं?"

"तिला दुसरी सुटी नाही."

"मग डुक्कर कर."

"मी लाव्या करतो म्हणालोय."

"गिझी असती तर तिने तुला घरातून हाकललं असतं."

"गिझी असती तर घर विकायचा विषयच निघाला नसता."

तेर्काने क्रूसाची खूण केली आणि सूप ठेवून गेली.

एकतीस तारखेला मी चार लाव्या कापल्या. गिझेला कात्रीने एका झटक्यात कापायची. मला पहिलीला दोनदा कात्री चालवावी लागली. मग हात बसला. पिसं काढायला दुपार गेली. एक तारखेला सकाळी त्यांना मीठ चोळलं, चरबीचे काप गुंडाळले, दोऱ्याने बांधलं. शेवटच्या बरणीतला मुरंबा चमचाभर दारू घालून पातळ केला. मग ओव्हनसमोर स्टूल टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलो. पस्तीस मिनिटं तिथून उठलो नाही. मग काप काढले आणि हंसाच्या पिसाने मुरंब्याचा हात फिरवला. तीनदा. तिसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा लाव्यांचा रंग तिच्या लाव्यांसारखा होता.

एमोके अकराच्या बसने आली. बारा वाजता तेर्का स्वतःचं मसुरीचं पातेलं घेऊन आली, पातेलं समोर ठेवून हाताची घडी घालून बसली. मी लाव्या मांडल्या.

"बाबा," एमोके म्हणाली, "आज एक तारीख आहे."

"माहीत आहे."

"मी सांगून थकले," तेर्का म्हणाली. "गाढवाला सांगितलं असतं तर त्याने कान तरी हलवले असते."

सकाळभर मी एकटाच ओव्हनसमोर बसलो होतो. तोंडातून निघून गेलं, "उकरू दे मागे. मागेच बरं होतं. पुढे माझ्यासाठी काय ठेवलंय?"

एमोकेने काटा खाली ठेवला.

"म्हणूनच मी चला म्हणते," ती म्हणाली. "लाव्यांचा प्रश्नच नव्हता, बाबा. आमच्याकडे येतात त्यांच्यातल्या अर्ध्याजणांना छान स्वयंपाक येतो. करायचा कशाला, हे त्यांना उरलेलं नसतं. तेही असंच बोलतात. अगदी हेच शब्द."

काप गुंडाळताना, घड्याळ बघताना माझं काही चुकलं नव्हतं. बोलताना चुकलं. आणि बोललेलं ओव्हनमधून परत काढता येत नाही.

"आधी खा," मी म्हणालो. "गार झाल्या की चरबी थिजते. मग काय बोलायचं ते बोल."

तिने एक लावी हातात घेतली. लहानपणीसारखी पाय मोडून, हाडं चोखून खाल्ली. मीही खाल्ली. मीठ थोडं कमी होतं. तिने न विचारता दुसरी घेतली.

तेर्का उठली. "तुम्ही बापलेक उकरा काय उकरायचं ते. मी यात नाही." पातेलं काखेत मारून ती निघून गेली. मागे दार लोटलंसुद्धा नाही.

एमोकेने बोटं पुसली. बरणी उचलून तिरकी करून बघितली. "हा आईचा शेवटचा मुरंबा?"

"हो."

"मग पुढच्या नाताळला काय फासणार?"

"जुलैत जर्दाळू येतील."

"मुरंबा येतो तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"शिकेन."

"कुणाकडून? आई तर दरवर्षी तेर्कामावशीबरोबर घालायची."

मी उघड्या दाराकडे बघितलं. एमोकेने माझी नजर गेली तिकडे बघितलं आणि तिला हसू आलं. दफन झाल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले.

"जुलैच्या शेवटी चार दिवस येते," ती म्हणाली. "मुरंबा घातलेला असला तर घराचा विषय काढणार नाही. नसला तर सामान बांधायचं. आणि बाबा, ते मगाचचं पुन्हा बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

चारच्या बसने ती गेली.

आज मार्चची वीस तारीख आहे. परसातल्या जर्दाळूच्या झाडाचं सुकलेलं लाकूड मी कापून टाकलंय. कळ्या फुगल्या आहेत. यंदा हिम पडलंच तर मोहर वाचावा म्हणून रात्री झाडाखाली धूर करायला ओला पेंढा आणून ठेवलाय. चौदा बरण्या धुऊन फळीवर पालथ्या घातल्यात. तेर्का रविवारी चर्चमध्ये दिसते, मान हलवते, बोलत नाही. तिला अजून विचारलेलं नाही.