महानंदाच्या शेजारची जागा

"बसवायचा असंल तर आत्ता खड्डा खणतो. निजवायचा असंल तर आमच्या रानात जागा न्हाय," असं म्हणून चन्नवीरनं कुदळ बांधावर टेकवली आणि भावजयीकडे न बघता बाभळीकडे बघत उभा राहिला.

नीलम्माच्या मागे बैलगाडीत तिचा नवरा भीमाशंकर चादरीखाली होता. सकाळीच गेला. सोलापूरच्या वेशीबाहेर, मंद्रूपच्या वाटेवरच्या या रानात त्याला आणायचा हट्ट तिचाच. ख्रिस्ती दफनभूमीत जागा होती, पण लेक महानंदा इथे होती. ती पोरवयात तापानं गेली, तेव्हा घर लिंगायतच होतं. रीतीप्रमाणे तिला इथे बसवून पुरलं होतं.

तेव्हा वडीलधारे म्हणाले होते, पोर शिवात मिळाली, रडू नका. मायेनंच म्हणाले होते, आणि नीलम्माला त्यानं बरंही वाटलं होतं. भीमाशंकरला नाही. "मिळाली म्हंजे कुटं गेली? मला माजी नंदा पायजे. तीच, वाकड्या दाताची," म्हणून तो हट्टाला पेटला. पुढे मिशनच्या दवाखान्यात शिपाई असताना त्यानं ऐकलं की मेलेली माणसं उठणार, आणि एकमेकांना ओळखणार. झालं. बाप्तिस्मा घेतला, भाऊबंदांनी पाणी तोडलं, तरी गडी आयुष्यभर खुशीत. नीलम्मा त्याच्यामागून ख्रिस्ती देवळात गेली, जशी बिऱ्हाड बदलताना गेली असती. तिला काय पटलं, हे कुणीच विचारलं नाही.

ख्रिस्ती मंडळीचे पाळक मुकुंदराव गाडीमागून चालत आले होते. काळा कोट घामानं पाठीला चिकटला होता.

"नीलम्माबाई, कपाळी भस्म लावून, बसवून? मग मी प्रार्थना कशी म्हणू? मंडळीला काय सांगू?"

"त्यो उटणार हाय म्हणून तुमीच सांगितलंय न्हवं?"

"उठणारच! ख्रिस्त कबरेतच राहिला असता, तर मी असल्या उन्हात हा कोट घालून कशाला आलो असतो? आपलं सगळं त्याच्यावरच उभं आहे, बाई."

"मग बसलेला उटत न्हाय का?"

"उठतो," पाळक खालच्या आवाजात म्हणाले. "पण रीत आहे ना."

नीलम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून हेच चाललं होतं. एकाला विचारावं तर रीत, दुसऱ्याला विचारावं तर रीत, आणि ज्याचं मरण तो उन्हात.

"वैनी, लौकर सांगा," चन्नवीर म्हणाला. "आंग ताठाय लागलंय. मागनं गुडगं मोडायचं न्हाईत."

"बसवा," ती ओरडली. "भस्म लावा, काय करायचं ते करा. पर पोरीच्या शेजारी!" आणि पाळकांकडे वळून म्हणाली, "तुमी प्रार्थना म्हणा न्हायतर नका म्हणू. तुमचा देव रीत बघून उटवत असंल, तर ह्यांनी उगंच जीव लावला त्याच्यावर."

बोलल्यावर तिची तिलाच भीती वाटली. हे उठणं तिला स्वतःला खरं वाटत होतं का? ते तिला सांगता आलं नसतं. पण तो माणूस त्याच एका गोष्टीवर जगला होता, आणि ती आता त्याच्या हातून काढून घ्यायची तिची छाती नव्हती.

पाळक गेले नाहीत. टोपी काढून ते बांधावर उभे राहिले.

खड्डा झाला. चौघांनी भीमाशंकरला मांडी घालून आत बसवलं आणि रीतीच्या दिशेला तोंड केलं. चन्नवीरचे डोळे वाहत होते. पाणी तोडलं तरी भाऊ तो भाऊच.

"तिकडं न्हाय," नीलम्मा म्हणाली. "पोरीकडं तोंड करा."

"आपल्यात तसं नसतंय, वैनी."

"भावजी, डोळं उगडलं की पयली ती दिसाय पायजे त्यास्नी."

चन्नवीरनं एकदा पाळकांकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग तो खड्ड्यात उतरला, भावाचे खांदे धरले आणि त्याला हळूच लेकीकडे वळवलं.