अमृतचं सॉरी

२०१८ सालची गोष्ट. नवरा गेल्यावर मी वेल्ह्याचं सासर सोडून हिर्डोशीला थोरल्या भावाकडे, गेनूदादाकडे राहायला आले होते. धाकटा अमृत शिवऱ्याला हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा. पण भातलावणीला तो दादाच्या खाचरात यायचा आणि दादा त्याच्या. आमच्याकडे याला सावड म्हणतात. सावड चुकली तर तोंडानं काही बोलायची रीत नाही. माणूस पुढच्या खेपेला न बोलावता येतो, चिखलात उतरतो आणि तेवढ्यावर मिटतं.

त्या आषाढात अमृत आला नाही. वाट बघण्यात रोपं वाफ्यातच पिवळी पडली. मग त्याचा फोन आला. दादानं स्पीकर लावला.

"दादा, सॉरी."

"काय?"

"सॉरी म्हनलं. न्हाई जमलं यायला."

"आरं, यष्टीत पायावर पाय पडला की म्हनत्यात ते! लई मोटा शेट झालास व्हय? जा, भाताला सांग तुजं सॉरी."

पलीकडे अमृत नुसता खाकरला. दादानं फोन बंद केला आणि पुढं त्याचं नावही काढू देईना. मी फोन केला की अमृतची बायको उचलायची, "झोपलेत" म्हणायची.

दिवाळीत माझी नात सुलक्षणा आली. ती भोरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. दादानं तिला डिवचलं, "काय गं मास्तरीणबाई, तुमचं सॉरी म्हंजी नुसतं तोंडदेखलंच ना?"

"आता तसंच झालंय, आबा. उशीर झाला, सॉरी. ऐकू आलं नाही, सॉरी. पोरं दिवसभर म्हणतात मला. पण मूळचा शब्द जखमेचा आहे. सोअर म्हणजे दुखरं. जुन्या काळी ज्याच्या जिवाला दुखतंय, त्या माणसाला सॉरी म्हणायचे."

दादा करंजी हातात धरून तसाच बसला. "अमृतला ठावं असंल का गं हे?"

"नसणार, आबा."

सकाळी दादा माझ्याआधी तयार. मला म्हणाला, "चल फुले, यष्टी जाईल."

शिवऱ्याला पोचलो तर अमृत ओसरीवर बसला होता, गळ्याला पट्टी. लावणीच्या दिवसांत त्याच्या पुण्यात गळ्यातल्या गाठीच्या तपासण्या चालल्या होत्या. दादाला कळू द्यायचं नाही, अशी त्यानं बायकोला शपथ घातली होती. ऑपरेशनमध्ये आवाज गेला होता.

दादा त्याच्यासमोर भुईवर बसला. म्हणाला, "मलाबी दुखलं रं."

अमृतनं ओठ हलवले. काय म्हणाला, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

माघात तो गेला. त्याच्या बायकोनं दुकान भाड्यानं दिलं आणि ती माहेरी गेली. दादा आणखी दोन वर्षं जगला. कुणाशी फारसं बोलायचा नाही. सुलक्षणा अजून शिकवते. मी भोरला तिच्याकडेच असते.