होल्गरचा निरोपाचा केक

आमच्या जर्मन कारखान्यात गाड्यांचे सायलेन्सर बनतात. परदेशी ऑर्डरी आटल्या आणि होल्गरची नोकरी गेली. ज्याचं निमित्त त्यानेच केक आणायचा, या इथल्या रीतीप्रमाणे निरोपाचा केकही त्यानेच आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

"यानिक, घरी सोड रे मला," तो म्हणाला.

माझी नवी चिनी इलेक्ट्रिक गाडी मी रोज लांब, दफनभूमीमागे लपवतो. तिला सायलेन्सरच नाही.

गाडीजवळ पोचल्यावर मी पुटपुटलो, "बायकोची आहे."

माझं लग्न झालेलं नाही.

होल्गरने वाकून गाडीच्या मागच्या बाजूला खालून बघितलं. "लग्न केलंस आणि केक नाही आणलास, गाढवा?"

सोमवारी मी लग्नाचा केक नेला. सगळ्यांनी अभिनंदन केलं. होल्गरसाठी कापलेला तुकडा दिवसभर तसाच राहिला.