उशिरा दिलेली गोळी

थोरली बहीण एका इस्पितळातल्या मलेरियाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची आणि धाकटा भाऊ धरणाच्या कामावर वायरमन होता. आई-वडील गेल्यावरही दोघं एकाच इमारतीत राहिले. ती वरच्या मजल्यावर एकटी, आणि खाली त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. कामावरून सुट्टी मिळाली की तो यायचा. मुलीला एका जागी बसणं ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

थोरलीचं काम एका जनुकावर होतं. मलेरियाचा परजीवी माणसाच्या रक्तात एकाचे अनेक होत राहतो, ताप चढतो तो त्यानेच. पण त्यातले थोडे ही वाढ सोडून नर किंवा मादी होतात. ते आजाऱ्याला त्रास देत नाहीत. डासाने आपल्याला उचलून न्यावं एवढ्यासाठी ते रक्तात फिरत राहतात, कारण त्यांचं मीलन व्हायचं ते डासाच्या पोटात. या वाटेला कुणी जायचं हे ते एक जनुक ठरवतं. एरवी ते घट्ट गुंडाळून बंद केलेलं असतं. एखाद्यात उघडलं, की त्याच्या पुढच्या पिढीला माघार नसते. ते कशाने उघडतं, हे थोरली शोधत होती.

सहा वर्षं तिने बाटल्यांत परजीवी जगवले होते. सणवार न बघता त्यांना ताजं रक्त घातलं होतं. आणि एके दिवशी लक्षात आलं, की त्यांच्यात नर-मादी होतच नाहीत. बाटलीत डास कुठला? तिथे नर-मादी झालेले वंश न वाढवता मरतात. नुसतं वाढत राहणारेच शेवटी उरतात. तिने जनुक वाचून पाहिलं. त्यात एक अक्षर बदललं होतं आणि अख्खं जनुक निकामी झालं होतं.

"म्हणजे कुलूपच मोडलेलं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "आणि आपण सहा वर्षं किल्ली शोधतोय." त्या हसल्या. थोरलीला हसू आलं नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी धाकटा कामावरून आला तो तापाने फणफणलेला. आठ-दहा दिवस त्याने अंगावरच काढला होता. ती त्याला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. मलेरियाच निघाला. रक्ताची काच तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे, टोकदार परजीवी जागोजागी. हे नर-मादी होते. इतके तिने कधीच पाहिले नव्हते.

"ताप तीन दिवसांत जाईल," डॉक्टर म्हणाले. "पण वाकडे उरतात, आणि डासावाटे दुसऱ्याला जातात. त्यांच्यासाठी एकच गोळी असते, ती आमच्याकडे संपलीये. तुमच्या इस्पितळात मिळेल ना?"

"मिळेल. मी आणते."

तिने त्याच दिवशी आणली. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याचं रक्त अजून काही दिवस मिळालं असतं तर बरं झालं असतं. इतके वाकडे पुन्हा मिळायचे नाहीत. अर्थात, तू बघ."

थोरलीने बघितलं. गोळी पर्समध्येच ठेवली.

ताप उतरला. धाकटा खायला-प्यायला लागला. ती दर तीन दिवसांनी खाली जाऊन त्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायची.

"घे की ताई, आहे भरपूर," तो म्हणायचा. "माझ्या नावाचा काही शोध लागतोय का?"

"लागेल. तू तेवढा मच्छरदाणीत झोप."

"आता ताप गेलाय. आता डास चावून माझं काय वाकडं करणार?"

तुझं नाही, घरातल्यांचं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर गोळीचंही सांगावं लागलं असतं. तिने सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. भिंगरी बापाच्या पाठीवर चढून बघत होती. "आत्या, माझं पण घे ना!"

बाराव्या दिवशी पुरेसं रक्त जमलं आणि तिने त्याला गोळी दिली. औषध सुरू होण्याआधी, पहिल्या दिवशी घेतलेल्या रक्तातले वाढणारे परजीवी तिच्या बाटल्यांत जगले. त्यांचं जनुक शाबूत होतं, उघडत होतं, मिटत होतं. ती तहानभूक विसरली.

आणखी दोन आठवड्यांनी भिंगरीला ताप आला. धाकटा तेव्हा कामावर परतला होता. भावजयीला वाटलं शाळेतून सर्दी-पडसं आणलं असेल. तिने तापाचं औषध पाजलं, थोरलीला दोनदा फोन केला. थोरली प्रयोगशाळेत हातमोजे घालून काम करत होती, तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला झटके आले. परजीवी मेंदूत पोचले होते. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

दवाखान्यातले डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हिच्या वडिलांखेरीज या भागात वर्षभरात रुग्ण नाही, आणि त्यांची गोळी तर तुम्ही त्याच दिवशी आणणार होता. मग हिला आला कुठून?"

थोरलीने मुलीच्या रक्ताचा एक थेंब मागून घेतला आणि धाकट्याच्या रक्ताशी ताडून पाहिला. परजीवी तोच होता. घरातल्याच एखाद्या डासाने बापाचं रक्त पिऊन मग लेकीला चावलं होतं.

तिने मॅडमच्या टेबलावर त्या ताडणीचा कागद ठेवला. मॅडमनी तो उलटा केला. "नमुन्यांना फक्त क्रमांक आहेत. नावं कुठेच नाहीत."

"मला माहीत आहेत."

त्या संध्याकाळी ती खाली गेली. धाकटा जमिनीवर बसला होता, भावजय भांडी पुसत होती. थोरलीने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. मध्येच तिला शब्द सुचेनात. परजीवी, डास, जनुक, ती तेच तेच बोलत राहिली.

"गोळी तुझ्याकडे होती?" धाकट्याने विचारलं.

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि मी विचारत होतो, शोध लागतोय का." त्याचा आवाज चढला नाही. भावजयीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "ताई, तुम्ही वर जा," ती म्हणाली. "आत्ता जा."

थोरलीने इस्पितळाच्या समितीला सगळं लिहून दिलं. चौकशी झाली, तिला संशोधनातून काढलं. मॅडमना ताकीद मिळाली. बाटल्या मात्र नष्ट केल्या नाहीत. असे परजीवी सहसा मिळत नाहीत, असं समितीनेही लिहिलं. नवीन क्रमांक देऊन ते दुसऱ्या प्रयोगशाळांना पाठवले गेले.

धाकटा बायकोला घेऊन धरणावर राहायला गेला. सामान बाहेर काढत होते तेव्हा थोरली जिन्यात उभी होती. त्याने घराची किल्ली शेजाऱ्यांकडे दिली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसला.