कलम सात आणि कोगो तापकिगेन

आमच्या स्काउटच्या पुस्तिकेत डोंगरवाट बॅजचं पान आहे. त्यातलं सातवं कलम असं: ‘वाटेत कोणाकडूनही खाणे, पिणे वा कसलीही मदत घेऊ नये.’ हे कलम लिहिणारा माणूस भला असेल, शिकलेला असेल, पण आमच्या कड्यावरून तो एकदाही चालत गेलेला नसणार. केरिओच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवर कोणाच्या दारावरून काही न घेता पुढे जायचं म्हणजे त्या घराला तोंडावर सांगायचं, की तुमच्या भांड्यातलं आमच्या घशाखाली उतरत नाही. मी या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते आणि सहा वर्षं मुलींचं स्काउट पथक चालवते. असं सांगून आलेलं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

जेबिवोट आमच्या पथकाची नायिका. आठवीतली, काटकुळी, आणि खरं बोलायची इतकी खोड की कधीकधी कानफटात द्यावीशी वाटते. बाकी सगळे बॅज तिने मिळवले होते. गाठी झाल्या, तंबू झाला, होकायंत्र झालं, जखमेला पट्टी बांधणं झालं. राहिला होता तो हाच. हा मिळाला तर ऑगस्टमध्ये न्येरीच्या मोठ्या शिबिराला जायला मिळणार होतं. जानेवारीत ती खोऱ्यापलीकडच्या हायस्कुलात जाणार आणि तिथे स्काउटचं नावही नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तिच्या टोळीतल्या तिघींना तर ती रोज ऐकवत होती. किमोई, जिची जीभ आणि पोट दोन्ही कधी थांबत नाहीत, आणि जेरोप व जेप्तू या जुळ्या, ज्या दोघी मिळून एक वाक्य बोलतात.

परीक्षा घ्यायला जिल्ह्याहून ओसोरो साहेब आले. लांबच्या किसी भागातले, बुटके, इस्त्रीची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे. अठरा किलोमीटर, नकाशावर, चार वाजायच्या आत नदीवर. मुली पुढे, आम्ही दोघं अर्धा किलोमीटर मागे.

बरोबर अर्ध्या वाटेवर कोगो तापकिगेनचं घर आहे. कोगो म्हणजे आजी, पण ती आख्ख्या उताराची आजी आहे. वाट तिच्या कुंपणाला घासून जाते. दुसऱ्या बाजूला कडा. चुकवायची सोय नाही.

आम्ही वळणावर पोचलो तोवर खटला उभा राहिला होता.

“कोणाच्या गं तुम्ही?” कोगो विचारत होती.

जेबिवोटने बापाचं, आजोबाचं नाव सांगितलं.

“म्हणजे तुझी आई माझ्याच दारातून नवरी होऊन वर गेली. बसा. भोपळ्यात मुरवलेलं मुर्सिक काढते.”

“कोगो, आम्हाला आज काही घेता येत नाही. परीक्षा आहे.”

“कसली परीक्षा? उपाशी राहायची?”

“मदत न घ्यायची.”

“दूध म्हणजे मदत?” म्हातारीचा आवाज चढला. “मी काय दवाखाना आहे? का माझ्या भोपळ्याला वास येतो? सांग ना, येतो वास?”

“नाही हो कोगो!”

“मग तुझ्या आईला काय सांगू? पोर दारातून नाक मुरडून गेली म्हणून?”

संपलं. चौघी बसल्या. भोपळ्यातलं ते राखाडी, आंबट, थंडगार दूध दोन दोन पेले गेलं. किमोईने तीन घेतले. जेबिवोटने वही काढली आणि तिथेच, म्हातारीच्या समोर लिहिलं: ‘दहा चाळीस. कोगो तापकिगेन यांचेकडे दूध प्यायलो. नाही म्हटले होते. जमले नाही.’

मग आम्ही दाराशी पोचलो. ओसोरो साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या हातात पेला होता. “हा कोण? लांबचा दिसतो. पायांना थंडी वाजते का रे तुला?” कोगोने विचारलं. साहेब प्यायले. दुसराही प्यायले.

नदीवर मुली तीनलाच पोचल्या, नकाशात एक चूक नाही. साहेबांनी वही वाचली आणि म्हणाले, “नापास.”

माझं डोकं फिरलं. “साहेब, तुमच्या मिशीला अजून दूध लागलंय!”

त्यांनी मिशी पुसली. “परीक्षा माझी नव्हती, मॅडम. नियम मी केलेला नाही. मोडला तर मोडला म्हणायला मला पाठवलंय. तीन आठवड्यांनी परत घेतो. शिबिराची यादी त्यानंतरच्या सोमवारी जाते, म्हणजे ही शेवटची.”

वर येताना सगळी वाट जेबिवोट माझ्यापुढे चालली, मान ताठ, आणि नाक पुसायला बाही वापरत होती. मला फार वाईट वाटलं. मी साहेबांना मनात ज्या शिव्या घातल्या त्या गणिताच्या बाईला शोभणाऱ्या नव्हत्या.

पुढचे तीन आठवडे टोळीची खलबतं चालली. वर्गाच्या मागे, शेंगा सोलत.

“पोट बिघडलंय म्हणून सांगू,” किमोई म्हणाली.

“मग ती मुळी उगाळून देईल. तेही पिणंच,” जेरोप म्हणाली, “आणि ते कडू असतं,” जेप्तूने पुरं केलं.

“आणि मी वहीत काय लिहू?” जेबिवोट म्हणाली. “खोटं बोललो, वेळ दहा चाळीस?”

शेवटी मीच एका रविवारी चर्च सुटल्यावर कोगोकडे उतरले. नियमात बसत नव्हतं, पण मी काही परीक्षेला बसलेली नव्हते. म्हटलं, “कोगो, येत्या शनिवारी पोरी जातील, तेवढं एक दिवस काही देऊ नका.”

कोगोने हातातला भोपळा खाली ठेवला. “दोन लेक तिकडे एल्डोरेट शहरात. सुना फोनवर. या वाटेने जातात तेवढीच माणसं माझी, आणि तू मला दार लावून बस म्हणतेस?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पेले दूध पिऊन, काहीही न ठरवता मी घरी आले. मुलींना एवढंच सांगितलं, की कोगोला आता कोणी विचारायला जाऊ नका.

जेबिवोटने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, रडली का ती?”

“रडली.”

दुसऱ्या दिवशी तिने आईकडून मोठं पातेलं मागून घेतल्याचं कानावर आलं.

शनिवार. ऊन बेताचं, पण वारा फार, त्यामुळे चाल मंद. आम्ही दोघं वळणावर पोचलो आणि साहेबांनी माझा दंड धरून मला झुडपामागे ओढलं. कोगोच्या कुंपणाच्या वीस पावलं अलीकडे, उंबराखाली, मुलींनी तीन दगड मांडले होते. परीक्षेत आग लावायला काड्या दोनच मिळतात. पहिली वाऱ्याने विझली. जुळ्या अंगाचा आडोसा करून बसल्या, किमोई पहिल्यांदाच तोंड मिटून होती, आणि जेबिवोटने दुसरी काडी ओढली. लागली. मी साहेबांचा हात दाबला हे माझ्या नंतर लक्षात आलं.

“इथे का थांबल्या?” साहेब कुजबुजले. “आधीच साडेअकरा वाजलेत. वेळ जाईल.”

पाणी उकळलं, मक्याचं पीठ पडलं, किमोई उगाली घोटायला बसली. बाजूला सुकुमाची पालेभाजी. मग जेबिवोट उठली, गणवेश झटकला आणि कुंपणाशी गेली. कोगो दारातच उभी होती, हातात भोपळा.

“कोगो,” जेबिवोट म्हणाली, “तुमच्या वाटेवर आम्ही चूल मांडलीय. जेवायला चला.”

“कोण? मी?”

“तुम्ही. आज तुम्ही आमच्या पाहुण्या.”

म्हातारी वळली आणि आत गेली. दार लागलं. किमोई घोटायची थांबली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं, दुखावली. मग दार उघडलं. कोगोने डोक्याला चर्चचा निळा रुमाल बांधला होता, पायात बूट घातले होते, आणि कुठे लांब निमंत्रणाला निघाल्यासारखी ती आपल्याच कुंपणातून बाहेर पडून वीस पावलं चालत आली. बसायचं स्टूल मात्र स्वतःचं आणलं होतं. भोपळा आणला नव्हता.

जेबिवोटने तिच्या हातावर पाणी घातलं. पहिला घास कोगोने भाजीत बुडवून तोंडात टाकला आणि चावायची थांबली.

“मीठ कुठंय?”

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. मीठ किमोईने आणायचं होतं.

“अगं, मग मी आणते की! घरात आहे.” कोगो अर्धी उठली.

“नको कोगो!” जेबिवोट जवळजवळ ओरडली. मग हळू म्हणाली, “पाहुण्यांनी काही आणायचं नसतं. आज अळणीच गोड मानून घ्या.”

कोगो बसली. अळणी भाजी, आणि मधे कच्ची राहिलेली उगाली, ती शेवटच्या घासापर्यंत जेवली. बोटं चाटली. “छान झालंय,” म्हणाली. असं धडधडीत खोटं मी त्या उतारावर कधी ऐकलेलं नाही. “नवरा गेल्यापासून दुसऱ्याच्या चुलीवरचं पहिल्यांदा जेवले. आणि ते दोघं झुडपात कोण लपलेत? त्यांना नाही वाढायचं?”

“ते परीक्षक आहेत,” जुळ्या एकदम म्हणाल्या. “त्यांना काही द्यायचं नसतं.”

साहेबांच्या पोटातून मोठा आवाज आला. माझ्या नव्हे, त्यांच्याच.

निघताना चौघी वाकल्या. कोगोने एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून आमच्या रीतीने हलकेच थुंकून आशीर्वाद दिला आणि बराच वेळ काहीबाही पुटपुटत राहिली. दीड तास गेला होता. त्यानंतर मुली ज्या धावल्या, त्या मला नदीपर्यंत दिसल्या नाहीत.

चारला सहा मिनिटं कमी असताना त्या पोचल्या. किमोईचा गुडघा फुटला होता, त्यावर जेरोपचा रुमाल बांधलेला. आम्ही घामाघूम होऊन पोचलो तेव्हा चौघी रांगेत उभ्या.

साहेबांनी वही वाचली. ‘स्वयंपाक पाच जणींचा. पाहुणी एक. मीठ विसरलो.’

“वाट विचारली कोणाला?”

“नाही साहेब.”

“कोणाकडून काही घेतलं?”

माझ्या मते उत्तर सोपं होतं. नाही म्हण आणि मोकळी हो. पण जेबिवोटचा चेहरा बघूनच मला कळलं की ही कार्टी आता काहीतरी खरं बोलणार.

“घेतलं साहेब,” ती म्हणाली. “कोगोने आशीर्वाद दिला. तो घेतला. त्यानंतर पाय दुखले नाहीत. ती मदतच झाली ना?”

किमोईने डोळे मिटून घेतले. ओसोरो साहेबांनी पेन काढलं, ‘घेतलेली मदत’ या रकान्यात सावकाश लिहायला लागले. मी खांद्यावरून वाकून वाचलं. ‘आशीर्वाद, चौघींना. परत करता येण्यासारखा नाही.’ त्याखाली त्यांनी लिहिलं ‘पास’, सही केली, तारीख घातली.

“जिल्ह्यावाल्यांनी विचारलं तर?” मी म्हटलं.

“तर मला सांगावं लागेल, की तो मीही घेतला असता,” साहेब म्हणाले. “मला कोणी बोलावलं नाही.”

जेबिवोट तिथेच वाळूत बसली आणि भोकाड पसरून रडली. तिला बघून जुळ्या रडल्या, किमोई गुडघा धरून रडली आणि मग अर्थातच मीही. साहेब आम्हा पाच जणींकडे पाठ करून मोजे वर ओढत राहिले. तीन आठवडे मी त्यांना घातलेल्या सगळ्या शिव्या मी तिथेच परत घेतल्या.